सगळे एक: कापरेकर मास्तर आणि एकोणीस अंकांची मूळ संख्या

मोहोळहून मुंबईकडे निघालेली गाडी माढा, कुर्डुवाडी, दौंड, पुणे असं करत खंडाळ्याचा घाट उतरते, कर्जतवरून कल्याणला येते आणि ठाण्याच्या अलीकडे डोंबिवलीतून जाते. हा सगळा मार्ग जुन्या जी. आय. पी. रेल्वेचा. १८६० साली तो सोलापूरला जाऊन भिडला तेव्हा मोहोळही त्याच्यावर आलं. याच मार्गावरच्या डोंबिवलीचं नाव अंकगणिताच्या जगभरच्या पुस्तकांत ‘डेमलो’ या रूपात कायमचं नोंदलं गेलं आहे. ते तिथे नेलं एका मराठी शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचं नाव निघालं की लोक ६१७४ ही संख्या सांगतात. सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ हाती येते. ही गंमत शाळाशाळांतून सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण त्यांच्या संख्यांपैकी मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या डेमलो संख्या. त्यांच्या मागून एक वाट निघते आणि ती थेट आज जगाला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येपाशी पोचते. त्या वाटेचा इतिहास मराठीत फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेख.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायच्या तर आकडेमोड आली, आणि आकडेमोडीचं प्रेम मुलाकडे आलं ते तिथून. शाळा ठाण्याला झाली आणि १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी हाती आली आणि पुढच्या वर्षी ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवू लागले. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६२ पर्यंत, त्यांनी तेच केलं.

आता दुसरी जन्मतारीख पाहा. कापरेकरांनंतर बरोबर सदतीस दिवसांनी, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी डेरिक हेन्री लेमर जन्माला आला. त्याचे वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी एक कोटीपर्यंतच्या संख्यांच्या अवयवांची आणि मूळ संख्यांची जाडजूड कोष्टकं छापली होती. म्हणजे मुलगा वाढला तो मूळ संख्यांच्या याद्यांतच. विशीत आल्यावर त्याने सायकलच्या साखळ्या जोडून एक यंत्र बनवलं, ते नको असलेल्या संख्या चाळून बाजूला काढी. कापरेकर आणि लेमर कधी भेटले नाहीत असं धरून चालायला हरकत नाही, पण दोघं एकाच संख्याकुळाभोवती आयुष्यभर फिरत राहिले.

ते कुळ असं. १, ११, १११, ११११ अशा फक्त एक या अंकाने लिहिलेल्या संख्या. इंग्रजीत त्यांना पुढे ‘रेप्युनिट’ म्हणू लागले. आपण ‘एकांच्या रांगा’ म्हणू. कापरेकरांनी या रांगांचे वर्ग पाहिले. ११चा वर्ग १२१. १११चा वर्ग १२३२१. ११११चा १२३४३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. अंक एकेक पायरी चढतात, नवाला टेकतात आणि त्याच पायऱ्यांनी उतरतात. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या घरात दहा येतो, हातचा पुढे ढकलावा लागतो आणि नक्षी मोडते. या नऊ वर्गांना कापरेकरांनी अद्भुत डेमलो संख्या म्हटलं. साध्या डेमलो संख्येची व्याख्या जरा मोकळी आहे: पहिला आणि शेवटचा भाग मिळवला की मधला, पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना ज्या स्थानकावर सुचली त्याचं नाव त्यांनी त्यांना देऊन टाकलं. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात त्यांचा अद्भुत डेमलो संख्यांवरचा लेख आला. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासोबत लिहिलेला डेमलो संख्यांचा सिद्धांत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला.

अद्भुत डेमलो संख्येचे अवयव शोधायचे म्हणजे तिच्या मुळाशी असलेल्या एकांच्या रांगेचे अवयव शोधायचे. आणि इथे गणित एकदम खोल जातं. कोणती रांग फुटते आणि कोणती फुटत नाही? जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नाही ती मूळ संख्या, हे सहावीतलं मूल सांगतं. ११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सहा एकांची तर गंमतच आहे: तीन-तीनांचे दोन गट पाडले की १११ गुणिले १००१, आणि दोन-दोनांचे तीन गट पाडले की ११ गुणिले १०१०१. म्हणजे रांगेतल्या एकांची संख्या समान गटांत वाटली जात असेल तर रांग फुटलीच म्हणून समजा. रांग मूळ असायची तर तिची लांबीही मूळ हवी.

तेवढ्याने भागत मात्र नाही. सात ही मूळ संख्या आहे, तरी सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. तेरा एक ५३ने जातात. सतरा एकांचा सर्वांत लहान मूळ विभाजक २०,७१,७२३ आहे, हाताने शोधणाऱ्याला तो सापडेपर्यंत दिवस नव्हे, महिने जातील. मग एकोणीस एक?

१११११११११११११११११११. ही संख्या एक अब्जच्या थोड्या पुढे असलेल्या वर्गमुळापर्यंत प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायची म्हटलं तर जन्म पुरणार नाही. पण इथे एक जुना नियम हात देतो. लांबी तीनपेक्षा मोठी आणि मूळ असेल तर त्या रांगेचा कोणताही मूळ विभाजक लांबीच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून तयार होणारा असतो. पाच एकांचे विभाजक ४१ आणि २७१ पाहा: दहाच्या पटीत एक. सात एकांचे २३९ आणि ४६४९: चौदाच्या पटीत एक. म्हणजे एकोणीस एकांसाठी फक्त ३९, ७७, ११५, १५३ अशा अडतीसच्या अंतराने येणाऱ्या संख्याच तपासायच्या. तरीही त्या पावणेतीन कोटींच्या वर निघतात. अशा संख्येबद्दल १९१८ साली, कापरेकर ठाण्यात शाळेत जात असताना, ऑस्कर हॉपे या गणितज्ञाने सिद्ध केलं की ती फुटत नाही. मूळ आहे.

तिच्या मूळ असण्यातून एक फार सुंदर गुण निघतो. एकाला ४१ने भागा: ०.०२४३९०२४३९... पाच अंकांचा ठेका पुन्हा पुन्हा येतो. २७१ने भागा: ०.००३६९००३६९... इथेही पाचच. कारण दोघेही पाच एकांच्या रांगेचे विभाजक, आणि ज्या रांगेत एखादा मूळ विभाजक पहिल्यांदा येतो तिच्या लांबीएवढा त्याच्या आवर्ती दशांशाचा ठेका असतो (याला अपवाद फक्त तीनचा). पाचाच्या ठेक्यात ४१ आणि २७१ असे दोन सोबती आहेत. एकोणीसच्या ठेक्यात मात्र ही एकोणीस अंकी संख्या एकटीच आहे, जगातली दुसरी कोणतीही मूळ संख्या तो ठेका धरत नाही. आणि तो ठेका कसा? दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं, मग एक नऊ. पुन्हा अठरा शून्यं, पुन्हा नऊ.

आता लेमरकडे येऊ. १९२७ साली, म्हणजे कापरेकरांना पुण्यात पारितोषिक मिळालं त्याच वर्षी, त्याने मूळ संख्या ओळखण्याच्या कसोटीवर लेख छापला. भागून पाहायचंच नाही, अशी ती कसोटी. संख्येतून एक वजा करा आणि उरलेल्या संख्येचे अवयव पाडा. ११ घ्या. ११ वजा १ म्हणजे १०, त्याचे मूळ अवयव २ आणि ५. आता २चा दहावा घात १०२४. त्याला ११ने भागलं की बाकी १ उरते. पण २चा पाचवा घात ३२, बाकी १०; २चा दुसरा घात ४, बाकी ४. पूर्ण घाताला बाकी १ येते आणि त्याआधीच्या या थांब्यांवर येत नाही, एवढ्यावरून ११ मूळ असल्याचं सिद्ध होतं.

या कसोटीला एकांच्या रांगा अगदी सोयीच्या. रांगेतून एक वजा केला की शेवटचा एक जाऊन शून्य येतं. तेवीस एकांतून एक वजा केला की बावीस एक आणि शून्य, म्हणजे दहा गुणिले बावीस एकांची रांग. बावीस ही संयुक्त संख्या, त्यामुळे ती रांग चांगली फुटते: ११चा वर्ग, २३, ४०९३, ८७७९, २१६४९, ५१३२३९. सगळे अवयव हाती आले की कसोटी लावता येते. १९२९ साली लेमरने एकीकडे आणि मॉरिस क्राइचिकने दुसरीकडे तेवीस एकांची रांग मूळ असल्याचं दाखवलं. त्याच साली कापरेकर पदवीधर झाले.

त्यापुढे दोघांचे रस्ते किती वेगळे झाले! लेमर डॉक्टरेट झाला, प्रकाशाच्या झोतावर चालणारं चाळणीयंत्र त्याने बांधलं, आणि १९४६ साली त्याने आणि त्याची पत्नी एमाने एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर सुट्टीच्या दिवसांत संख्यांचे प्रश्न चालवले. देवळालीच्या मास्तरांकडे फळा, खडू आणि वह्या होत्या. इथल्या गणितज्ञांपैकी अनेकांना त्यांचं काम पोरखेळ वाटे. त्यांचं लेखन कमी मान असलेल्या नियतकालिकांत यायचं, नाहीतर ते स्वतः पुस्तिका छापायचे. १९४८चं डेमलो संख्यांवरचं पुस्तक देवळालीहूनच निघालं. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडली. पुढे स्वयंभू संख्यांवर पुस्तिका लिहिली. त्या संख्यांना तर त्यांनी आपल्या गावाचं, देवळालीचंच, नाव दिलं. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरत नव्हतं, तेव्हा ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत.

त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला समजतो आणि तो खोडून काढायचा आहे असंही नाही. कापरेकरांनी खोल सिद्धता दिल्या नाहीत. दशमान पद्धतीत अंक कसे दिसतात यावर त्यांचा भर, आणि संख्येचा खरा स्वभाव ती कोणत्या पद्धतीत लिहिली यावर ठरत नाही, हा आक्षेप बरोबरच आहे. पण नऊ एकांचा वर्ग पाहून ज्याला आनंद होतो तो माणूस त्या नऊ एकांचं पोट कशाने भरलं आहे हे विचारणारच. ते तीन गुणिले तीन गुणिले सदतीस गुणिले ३,३३,६६७ ने भरलेलं आहे. त्यांच्याच हर्षद संख्येच्या व्याख्येत, म्हणजे अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांत, नऊ एकांची रांग चपखल बसते: नऊने भागा, १२३४५६७९ येतात. एकोणीस एकांची रांग मात्र कधीच हर्षद होणार नाही, कारण तिच्या अंकांची बेरीज एकोणीस आणि ती एकोणीसने जायची तर ती मूळ राहणार नाही. इथे पोरखेळ आणि संख्यासिद्धांत एकाच अंगणात उभे आहेत.

१९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

इकडे एकांच्या रांगांचं काम थांबलेलं नव्हतं. तेवीसच्या पुढे कितीतरी मूळ लांब्या तपासल्या गेल्या, सगळ्या फुटत होत्या. एकोणतीस एक ३१९१ने जातात, एकतीस एक २७९१ने. जवळजवळ पन्नास वर्षांच्या खंडानंतर कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या ह्यू विल्यम्स यांनी ३१७ एकांची रांग मूळ असल्याचं सिद्ध केलं. ते १९७८ साली छापलं गेलं. पुढची रांग १०३१ एकांची. ही सिद्धता विल्यम्स यांनी हार्वे डबनर यांच्यासोबत दिली. डबनर व्यवसायाने अभियंता, गणित हा त्यांचा छंद. मोठ्या संख्यांचे गुणाकार वेगाने व्हावेत म्हणून त्यांनी मुलासोबत खास यंत्र तयार केलं होतं. १०३१ एकांतून एक वजा केला की दहा गुणिले १०३० एकांची रांग. १०३० म्हणजे २ गुणिले ५ गुणिले १०३, तेव्हा तीही भरपूर फुटते. सगळे अवयव मिळाले नाहीत तरी चालतं. त्यांचा पुरेसा भाग हाती असला की सुधारलेली कसोटी लागू पडते. हा निकाल १९८६ साली छापला गेला. त्याच वर्षी देवळालीत कापरेकर गेले.

त्यानंतरची रांग ४९,०८१ एकांची. ती मूळ असावी असं डबनर यांनी १९९९ साली दाखवलं, पण असावी आणि आहे यांत तेवीस वर्षं गेली. पॉल अंडरवुड यांनी २०२२ मध्ये पक्की सिद्धता दिली. अशा मूळ रांगा अमर्याद आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही कुणी सिद्ध करू शकलेलं नाही.

जगाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ल्यूक ड्युरंट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधली. २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १, अशी ती आहे. दशमान पद्धतीत ती ४,१०,२४,३२० अंकांची होते आणि तिच्या अंकांत कसलीही नक्षी दिसत नाही. पण संगणकाच्या भाषेत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिली तर? मग ती १३,६२,७९,८४१ एकांची सलग रांग आहे, मध्ये एकही शून्य नाही. तिचं कुळ सतराव्या शतकातल्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने ओळखलं जातं आणि नियमही तेच: लांबी मूळ हवी, आणि तेवढ्याने भागत नाही. अशा रांगा तपासायची जी कसोटी आजही वापरतात ती फ्रान्सच्या ल्युकासने मांडली आणि १९३० साली नीट बसवून दिली लेमरने, त्याच लेमरने. १९३० म्हणजे कापरेकर देवळालीला रुजू झाले ते वर्ष.

कापरेकरांनी दहाच्या पद्धतीत ज्या रांगांकडे पाहिलं त्याच रांगा दोनच्या पद्धतीत घेऊन आज जगभरचे संगणक रात्रंदिवस चालतात. त्यांना हे यंत्र मिळालं नाही, सोबत्यांचा गट मिळाला नाही, वडिलांनी छापलेली कोष्टकं तर नाहीतच. नजर मात्र बरोबर जागी गेली होती, आणि ती गेली एका लोकलच्या स्थानकावर. ज्यांनी त्यांना हलकं लेखलं त्यांचं चुकलं, असं माझं मत आहे.

मोहोळ तालुक्यातल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती आहे. १७ जानेवारीला मास्तरांचा जन्मदिवस येतो. त्या दिवशी ६१७४ दाखवाच, पण सोबत फळ्यावर तेरा एक लिहा. मुलांना सांगा की विभाजक हवा असेल तर सव्वीसच्या पटीत एक मिळवून पाहा. सत्तावीसला यश येणार नाही, त्रेपन्नला भाग पूर्ण जाईल. मुलं दुसऱ्याच प्रयत्नात जिंकतील. मग एकोणीस एक लिहा आणि ही फुटत नाही हे १९१८ साली कुणी सिद्ध केलं, ते त्यांना सांगा.